धुक्यात मागे राहिली ती

पत्र थोडक्यात असे आहे: "माझी बहीण संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्याजवळच्या एका धनगरवाड्यावर दिली आहे. घरात ५ म्हशी आणि २२ शेळ्या आहेत. दोन वर्षांपूर्वी भाऊजी लाकडे उतरवताना घसरले, तेव्हापासून त्यांची कंबर धरलेली आहे आणि राखणीचे काम दोन्ही मुलांवर आले आहे. भाचा ९ वर्षांचा, चौथीत आहे, पण शाळेत आठवड्यातून एखादा दिवस जातो. पोर हुशार आहे. गेल्या आषाढात सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, धुके उतरले आणि एक गाभण शेळी दिसेना, तेव्हा हा एवढासा मुलगा अंधारातून बाकीच्या २१ शेळ्या एकट्याने घरी घेऊन आला. त्याची ताई शेळी शोधायला मागे राहिली होती. शेळी मिळाली, तिला दोन करडे झाली, सगळी सुखरूप आहेत. मी गुहागरच्या बाजूला आंब्याच्या बागेत १६ वर्षे राखणदार आहे. राहायला दोन खोल्या आहेत, शाळा हाकेच्या अंतरावर आहे. जूनमध्ये भाच्याला इकडे आणून शिकवावे असे मनात आहे. शेळ्यांचे भाची सांभाळून घेईल. पण बहीण म्हणते, जोडी तोडू नकोस, आणि भाचा तर ताईशिवाय येणारच नाही म्हणतो. हट्ट धरून त्याला आणू का? — एक मामा."

तुम्ही पत्राखाली नुसते 'एक मामा' असे लिहिले आहे, म्हणून मीही तुम्हाला मामा म्हणते. मामा, दोन खोल्यांच्या संसारात भाच्यासाठी जागा करायला निघालेला माणूस मनाने मोठा असतो, हे आधी नोंदवते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचताना तुम्हाला थोडे लागेल.

तुमच्या पत्रात भाच्याचे वय आहे, इयत्ता आहे, त्याच्या हुशारीचे कौतुक आहे. भाचीचे वय नाही. ती कधी शाळेत गेली होती की नाही, गेली असल्यास कितवीत सुटली, हेही नाही. धुक्याच्या रात्रीची हकिकत तुम्ही रंगवून लिहिली आहे. तीत २१ शेळ्या घरी आल्या, मुलगा आला, हरवलेली शेळी आली, जन्माला आलेली दोन करडे आली. ती हकिकत मी तीन वेळा वाचली आणि तिन्ही वेळा एकच गोष्ट शोधत राहिले. मुलगी घरी कधी आली, हे त्यात कोठेही लिहिलेले नाही.

तुमचा हेतू वाईट आहे असे मला सुचवायचे नाही. जे माणूस रोज सकाळी उठून निमूट काम करते, त्याचा हिशेब घरात कोणी ठेवत नाही, आणि वाड्यावरच काय, किनाऱ्यावरच्या खाऊनपिऊन सुखी घरांतही मोठ्या मुलीच्या वाट्याला हेच येते. परंतु त्या संध्याकाळी सड्यावर नेमके काय घडले असेल, याचा तुम्ही धनगराचे पोर म्हणून एकदा शांतपणे विचार करा. दिवस भरलेली शेळी कळपापासून वेगळी होते आणि आडोशाला, करवंदीच्या जाळीत किंवा एखाद्या दरडीखाली जाऊन बसते. दिवस कलल्यावर कळप पुढच्या शेळीमागे घराची वाट आपणहून धरतो. या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेल्या कोणीतरी तेथे उभ्या उभ्या वाटणी केली: जी वाट शेळ्या स्वतः दाखवतील त्या वाटेवर लहान भावाला लावून दिले, आणि जिथे वाट नाही तिथे स्वतः थांबली. भाच्याचे धाडस खोटे नाही. पण ते धाडस ज्या निर्णयामुळे सुरक्षित झाले, तो निर्णय त्याच्या ताईचा होता.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. भाच्याला एकट्याला आणू नका, आणि हट्ट धरून तर मुळीच आणू नका. आणायचे असेल तर दोघांना आणा. आणि दोघांना आणणे यंदा खरोखरच शक्य नसेल, तर मुलीचा विचार आधी करा, कारण तिच्या हातात वर्षे कमी उरली आहेत.

बहिणीच्या 'जोडी तोडू नकोस' या बोलण्याला तुम्ही आईची माया समजून बाजूला ठेवले असावे. मला त्यात मायेबरोबर व्यवहारही दिसतो. रानात दोन मुले असतात तेव्हा एकाच्या पायाखाली फुरसे आले, तर दुसरे हाक मारायला धावू शकते. व्हाळाला अचानक पाणी चढले, तर एक अलीकडे थांबून दुसऱ्याला ओरडून सांगू शकते. बिबट्याच्या भीतीने कळप फुटला, तर एक पुढून आणि एक मागून तो आवरू शकते. ही दोन मुले एकमेकांचे राखणदार आहेत. तुम्ही भाच्याला उचलून आणाल त्या दिवसापासून त्याच सड्यावर, त्याच धुक्यात, तितक्याच शेळ्यांमागे मुलगी एकटी असेल. 'भाची सांभाळून घेईल' या तीन शब्दांचा अर्थ एवढा होतो. आणि इकडे तुमच्या खोलीत तो मुलगा पहिल्या पावसाच्या रात्री जागा राहून, ताई आज परतली असेल का, याचाच विचार करत बसेल. असे मूल वर्गात बसले तरी शिकत नाही. बहुधा श्रावणाच्या आत ते घरी पळते.

हा भार मुलांवर का आला, यातला एक भाग भाऊजींच्या कंबरेचा आहे आणि दुसरा त्याहून जुना आहे. गवळी धनगर पिढ्यान् पिढ्या डोंगरमाथ्यावर म्हशी बाळगत, लोणी-तूप काढून खाली विकत आणि त्यावर धान्य घेत. खोऱ्यात शेती करणारे कुणबी आणि माथ्यावरचे गवळी धनगर यांनी एकमेकांच्या वाटेत न येता डोंगर कसा वाटून घेतला होता, याचा अभ्यास पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी केला आहे. पुढे कोयनेच्या धरणाने खोरे बुडाले, १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये झाली, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. जंगल राखले गेले हे योग्यच झाले, पण माथ्यावरची चराई आकसली आणि म्हशींची जागा हळूहळू शेळ्यांनी घेतली. म्हैस ठरलेल्या जागी शांतपणे चरते; शेळी मात्र दहा दिशांना पांगते आणि तिच्यामागे चपळ पाय लागतात. ते पाय घरात मुलांचेच असतात.

म्हणून शाळेचा विचार करण्यापूर्वी शेळ्यांचा विचार करावा लागेल, आणि तो तुम्हालाच करावा लागेल, कारण कंबर धरून बसलेल्या माणसाला स्वतःच्या दावणीतून जनावर कमी करा असे परक्याने सांगणे शोभत नाही. २२ शेळ्या ही मुलांच्या पायांवर उभी असलेली संख्या आहे. ती ८-१० वर आणली, तर उरलेल्या शेळ्या अर्धा दिवस घराजवळ चारून आणि बाकीचा वेळ फणसाचा, शेवरीचा, हादग्याचा पाला गोठ्यात टांगून सांभाळता येतात; बहीण आणि भाऊजी दोघे मिळून ते करू शकतील. बोकड आणि वयस्क शेळ्या आधी काढाव्यात, चांगल्या दुधाच्या पाटी, म्हणजे तरुण शेळ्या, ठेवाव्यात. विक्री मात्र आत्ता, उन्हाळ्यात करावी आणि वजनावर करावी. आषाढात घरात पैसा नसताना व्यापारी वर चढून येतो आणि डोळ्यांनी अंदाज करून भाव सांगतो, तेव्हा नाही म्हणण्याची ताकद कोणात नसते. मुसळधार पावसाच्या मुलखात टिकणारी शेळी पुढे घ्यायची झालीच, तर सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ पाहावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या जातीवर काम केलेले आहे. आंत्रविषाराची, म्हणजे शेळ्यांच्या आतड्यांच्या जीवघेण्या रोगाची, लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी, म्हणजे कमी केलेला कळप निदान रोगाने आणखी कमी होणार नाही.

वाड्यावर आणखी चार घरे असतील, तर त्यांच्याशी पाळीची गोष्ट काढून पाहा. घरटी एक दिवस, एका मोठ्या माणसाने सगळ्यांच्या शेळ्या घेऊन जायचे, ही काही मी शोधून काढलेली युक्ती नाही. कोकणातल्या कितीतरी वाड्यांत गुरे अशीच पाळीने राखली जात होती. तुमच्या बहिणीने विचारले तर कदाचित भीड पडणार नाही, तुम्ही विचारले तर पडेल.

भाऊजींची कंबर दोन वर्षे धरलेली आहे असे तुम्ही लिहिता आणि पुढे त्यांना कोणाला दाखवले, याबद्दल काहीच लिहीत नाही. त्यांना रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांकडे एकदा न्या. लेप आणि चोळणे यांवर दोन वर्षे काढणे पुरे झाले.

कायद्याविषयी सांगते, पण तो बहिणीच्या अंगावर काठीसारखा उगारू नका. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि तो जितका भाच्याचा आहे तितकाच भाचीचा आहे. त्यानुसार शाळा सुटलेल्या मुलीला तिच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. ११-१२ वर्षांच्या मुलीला पहिलीच्या पोरांमध्ये बसवता येत नाही. मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी तिला किमान ३ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षे विशेष प्रशिक्षण द्यायचे असते, आणि मधल्या काळात १४ वर्षे पूर्ण झाली तरी आठवीपर्यंतचे तिचे शिक्षण मोफतच राहते. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे, या कारणाने प्रवेश अडवता येत नाही. वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. तेव्हा जून चुकला म्हणून वर्ष गेले, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका.

बालमजुरीविरोधी कायद्यात, म्हणजे १९८६ च्या आणि २०१६ मध्ये बदललेल्या कायद्यात, मुलांनी शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्यांना बिनधोक्याच्या कामात हातभार लावायला मुभा आहे. दिवसभर कळपामागे राहणे त्या मुभेत बसत नाही. दिवाळीच्या सुटीत दोघांनी वर जाऊन शेळ्या राखल्या, तर त्यात कायद्याचे काही बिघडत नाही आणि मुलांनाही आनंदच होईल. मुलांना शेळ्यांपासून कायमचे तोडायला मी सांगत नाही, हे बहिणीला नीट समजावून सांगा.

मी किनाऱ्यावरच्या एका प्राथमिक शाळेत बरीच वर्षे शिकवले आहे. एका वर्षी वाड्यावरची अशीच एक मुलगी आमच्याकडे आली. तिला अंक येतात का, हे पाहण्यासाठी मी पहिल्याच दिवशी टेबलावर चिंचोके मांडले आणि मोज म्हणाले. ती नुसती बघत राहिली. मी मनात 'संख्याज्ञान नाही' अशी नोंद करून मोकळी झाले. आठवड्याने मी हजेरीचे पान उघडत असताना ती मागच्या रांगेतून म्हणाली, "बाई, आज तिघं नाहीत," आणि तिने तिघांची नावे सांगितली. वर्गात ३१ मुले होती आणि ती त्यांना जेमतेम सहा दिवस ओळखत होती. कसे मोजलेस, असे विचारल्यावर तिने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले आणि म्हणाली, "मोजायचं कशाला? कोण नाही ते दिसतंच की." माझी ती नोंद मी खोडली, पण मधल्या आठवड्यात मी तिला जसे वागवले त्याचे मला आजही वाईट वाटते. तुमच्या भाचीच्या बाबतीत शाळेला हे आधीच सांगून ठेवा. शिक्षकांकडे जाल तेव्हा 'हिला काही येत नाही, जरा सांभाळून घ्या' असे बोलून सुरुवात करू नका. तिला काय काय येते, ते सांगा: गाभण शेळी ओळखता येते, कोणत्या झाडाचा पाला कोणत्या महिन्यात चालतो ते कळते, धुक्यात नुसत्या घंटेच्या आवाजावरून कळप कोठे आहे ते कळते.

एक नाजूक गोष्ट आहे. धाकट्याला बहुधा थोडे वाचता येत असेल आणि थोरलीला येत नसेल. सड्यावर जिचा शब्द चालत होता, तिला पाटीसमोर धाकट्याकडून चुका ऐकून घ्याव्या लागतील, आणि याची लाज तिला शेळ्यांकडे परत नेऊ शकेल. म्हणून पहिले काही महिने दोघांना संध्याकाळी एका दिव्याखाली, पण वेगवेगळ्या पुस्तकांवर बसवा, आणि भाच्याला ताईचा मास्तर करू नका. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर त्याला धडा म्हणून दाखवायला सांगण्याचा मोह तुम्हाला होईल. तो टाळा.

तुमच्या दोन खोल्यांबद्दल लिहिताना तुम्ही मामींचा उल्लेख केलेला नाही. दोन मुलांचे जेवण, कपडे, ताप-खोकला हे सारे त्यांच्याच हातून होणार आहे, तेव्हा हा बेत पहिल्यांदा त्यांच्यासमोर मांडा, आणि त्यांनी नाही म्हटले तर त्यांच्यावर रुसू नका. मग दुसरा मार्ग पाहता येईल. धनगर समाज राज्याच्या यादीत भटक्या जमाती (क) या प्रवर्गात आहे आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी निवासी आश्रमशाळा आहेत. दोघांना एकाच ठिकाणी प्रवेश मिळेल अशी शाळा जिल्ह्याच्या समाजकल्याण किंवा इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयाकडून शोधून घ्यावी, आणि नाव घालण्यापूर्वी स्वतः जाऊन मुलींची राहण्याची खोली, न्हाणीघर आणि रात्री तेथे कोण बाई असते, हे पाहून यावे. जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो; आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुना सातबारा घरात कोठे आहे, ते आत्तापासून शोधायला लावा.

मे महिन्यात दोघांना पंधरा दिवस गुहागरला आणून पाहा, म्हणजे त्यांना जागा कळेल, समुद्र कळेल आणि मामींनाही अंदाज येईल. एवढेच की ते दिवस आंब्याच्या धांदलीचे असतात. बागेत माणूस मिळत नाही, मुले चपळ आहेत, पेट्यांत पेंढा घालायला चार हात आयते आले आहेत, असे मालकाला वाटेल, आणि एखाद्या दुपारी तुम्हालाही वाटेल. शेळ्यांमागून सोडवलेली मुले पेट्यांमागे बसली, तर बहिणीला दिलेल्या शब्दाचे काय झाले, हे तिला सांगावे लागेल.

तोवर वरच्या घरात दोन नियम घालून द्या. पहिला असा की दोघांच्याही पायांत बंद बूट हवेत, कारण कातळावरचे फुरसे दगडाच्या रंगाचे असते आणि दिसत नाही. साप किंवा विंचू चावला तर पाय करकचून न बांधता, मांत्रिकाकडे न नेता, थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. विंचू चावलेली मुले पूर्वी कोकणात कशी दगावत, हे तुमच्या वयाच्या माणसाला सांगायला नको; महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपाय रुजवल्यापासून वेळेत पोहोचलेले मूल बहुतेक वाचते. दुसरा नियम असा की दिवस मावळला की हरवलेली शेळी हरवली. तिच्यासाठी कोणी मागे थांबायचे नाही. ती बिबट्याने नेली असेल, तर वनखात्याला लगेच कळवून पंचनामा केल्यावर भरपाई मिळते, आणि नाही मिळाली तरी ती शेळीच होती. हा नियम भाऊजींनी स्वतःच्या तोंडाने, दोन्ही मुलांसमोर सांगितला पाहिजे. कारण त्या रात्री थांब असे तिला कोणी सांगितले नव्हते आणि थांबू नकोस असेही कोणी कधी सांगितलेले नव्हते.

पुढच्या खेपेला वर जाल तेव्हा एक दिवस तिच्याबरोबर सड्यावर काढा. भाच्याला घरी ठेवा. त्या आषाढातल्या रात्री ती किती वाजता घरी पोहोचली, दोन ओली करडे आणि व्यालेली शेळी तिने अंधारातून कशी आणली, आणि तेव्हा दारात कोण जागे होते, हे तिला विचारा, आणि मला पुन्हा पत्र लिहाल तेव्हा त्यात तिचे वय लिहा.